अर्ध्या सेकंदाचा विवेक : शालेय बेसबॉलमधील संयम आणि आक्रमकता



हीरकमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बेसबॉलविषयी व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. मराठी शाळेचे पटांगण म्हटले की खो-खो, कबड्डी, लंगडी आणि क्रिकेट डोळ्यांपुढे येते. फार तर सॉफ्टबॉल. परंतु महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या कुटुंबांना स्थलांतर नवे नाही. एक पिढी आपले गाव सोडून दूरच्या प्रांतात आली, पुढची पिढी अनेक घरांतून सागरापार गेली. अशा घरांतील आजीआजोबा वसंत ऋतूत अमेरिकेत जातात, नातवाच्या हायस्कूलचा सामना पाहायला बाकावर बसतात आणि एकाच वेळी दोन आरोळ्या ऐकतात. एक आरोळी असते, ‘थांब, चांगला चेंडू येऊ दे!’ दुसरी असते, ‘अरे, मार की! उभा काय राहिलास?’ आरोळी ठोकणारे दोघेही त्या मुलाचे हितचिंतकच असतात. मुलाने ऐकावे कोणाचे? या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. प्रश्न दिसतो खेळाचा. पण वाढत्या वयाच्या मुलाला निर्णय घ्यायला कसे शिकवावे, हा शाळेचा आणि घराचा जुनाच प्रश्न त्यात दडलेला आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या श्रोत्यांसाठी खेळाची मांडणी प्रथम थोडक्यात सांगणे योग्य ठरेल. बेसबॉलमध्ये फलंदाज ज्या पांढऱ्या पट्टीशेजारी उभा राहतो तिला होम प्लेट म्हणतात. तिची रुंदी १७ इंच असते. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. तो ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो. प्लेटच्या रुंदीवरून आणि साधारणपणे फलंदाजाच्या गुडघ्यांपासून छातीच्या खालच्या भागापर्यंतच्या उंचीतून जाणारा चेंडू ‘स्ट्राइक’ ठरतो, मग फलंदाजाने बॅट फिरवलेली असो वा नसो. या चौकटीबाहेरचा चेंडू फलंदाजाने सोडून दिला तर तो ‘बॉल’ ठरतो. बाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवून हुकला, तर मात्र तीही स्ट्राइकच. तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद. चार बॉल मिळाले की त्याला न मारता पहिल्या बेसपर्यंत चालत जाण्याचा हक्क मिळतो. त्याला ‘वॉक’ म्हणतात.

क्रिकेट आणि बेसबॉल यांतील मोठा फरक येथेच आहे. कसोटी सामन्यात सलामीचा फलंदाज ऑफ स्टंपबाहेरचे शंभर चेंडू सोडू शकतो. त्याची विकेट शाबूत राहते. त्याच्या संयमाला मुदत नाही. बेसबॉलच्या फलंदाजाच्या संयमाला मोजलेली मुदत आहे. चांगला चेंडू सोडला तर किंमत लगेच वसूल होते, आणि अशी किंमत तीनदाच देता येते. म्हणून ‘धीर धर’ हा उपदेश क्रिकेटच्या मैदानावरून उचलून बेसबॉलच्या मैदानावर जसाच्या तसा ठेवता येत नाही.

शिवाय विचाराला अवधी फारच थोडा. हायस्कूलचा चांगला पिचर ताशी ८० मैलांच्या आसपास वेगाने चेंडू टाकतो. हातातून सुटल्यापासून प्लेटवर पोहोचेपर्यंत अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ जातो. त्यातला काही वेळ बॅट फिरण्यातच खर्ची पडतो. म्हणजे चेंडू कोणत्या जातीचा, तो कोठे जाणार आणि आपण मारणार की सोडणार, हे सारे डोळ्याची पापणी लवायच्या हिशेबात ठरवावे लागते. एवढ्या वेळात माणूस नव्याने विचार करीत नाही. आधी ठरवून ठेवलेला विचारच तेथे उपयोगी पडतो. पुढील सर्व विवेचनाचा पाया हा आहे.

आता संयमाची बाजू पाहू. या पक्षाचे आद्य आचार्य म्हणून टेड विल्यम्स यांचे नाव घेतले जाते. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील हूवर हायस्कूलचा हा विद्यार्थी पुढे बोस्टन रेड सॉक्स संघाचा आधारस्तंभ झाला. १९४१ च्या हंगामात त्याची फलंदाजीची सरासरी .४०६ होती, म्हणजे हजार संधींमागे ४०६ वेळा यशस्वी फटका. त्यानंतर आजपर्यंत अमेरिकन लीग किंवा नॅशनल लीग यांतील कोणत्याही फलंदाजाने पूर्ण हंगामात .४०० ची पायरी गाठलेली नाही. त्याच हंगामात विल्यम्सला १४७ वॉक मिळाले आणि तो केवळ २७ वेळा तीन स्ट्राइक होऊन बाद झाला. संपूर्ण कारकिर्दीचा हिशेब केला, तर त्याने जवळजवळ निम्म्या खेळींत बेस गाठला, हे प्रमाण.४८२ आहे आणि बेसबॉलच्या इतिहासात ते सर्वोच्च मानले जाते.

निवृत्तीनंतर, १९७० च्या सुमारास, विल्यम्सने फलंदाजीच्या शास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील एक चित्र आजही प्रशिक्षक मुलांना दाखवतात. स्ट्राइकच्या चौकटीत आडवे सात आणि उभे अकरा असे एकूण ७७ चेंडू मांडलेले आहेत आणि प्रत्येक चेंडूवर एक आकडा आहे. त्या जागी आलेले चेंडू मारले तर आपली सरासरी किती राहील, याचा तो विल्यम्सचा स्वतःचा अंदाज होता. मध्यभागी .४००, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात.२३०. माणूस तोच, बॅट तीच, मनगटे तीच. केवळ चेंडूची निवड चुकली की असामान्य फलंदाज सामान्यांहूनही खाली येतो. जगातील उत्तम फलंदाजाची जर ही कथा, तर सोळा वर्षांच्या मुलाने तो कोपऱ्यातला चेंडू पहिल्याच झटक्यात का मारावा?

हायस्कूलच्या पातळीवर संयमाला आणखी तीन आधार मिळतात. पहिला म्हणजे पिचरचे अपुरे नियंत्रण. या वयात वेग लवकर येतो, अचूकता उशिरा. पिचर स्वतःच्या हाताने बॉल टाकीत असताना बाहेरच्या चेंडूमागे धावून त्याची सुटका करणे शहाणपणाचे नव्हे. दुसरा आधार नियमांतून आला. कोवळ्या खांद्यांना आणि कोपरांना होणाऱ्या दुखापती पाहून राज्य हायस्कूल संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाने २०१७ च्या हंगामापासून प्रत्येक राज्याला चेंडूंच्या संख्येवर आधारित विश्रांतीचे नियम करायला लावले. बहुतेक राज्यांत एका दिवसाची मर्यादा शंभर ते सव्वाशे चेंडूंच्या आसपास आहे. त्यामुळे सात-आठ चेंडू खेळून बाद झालेला फलंदाजही संघाचे काम करून परततो. समोरचा मुख्य पिचर तेवढा लवकर मैदानाबाहेर जातो. तिसरा आधार बॅटचा. २०१२ पासून हायस्कूलच्या धातूच्या बॅटींना नवे मानक लागू झाले आणि त्यांची उसळी लाकडी बॅटीच्या जवळ आणली गेली. पूर्वी बॅटीच्या टोकाला किंवा मुठीजवळ लागलेला चेंडूही धातूच्या कृपेने खेळाडूंच्या डोक्यावरून जाई. आता ती कृपा पुष्कळ आटली आहे. वाईट चेंडूवरचा फटका आता खरोखरच वाईट ठरतो.

वॉकचे मोल बराच काळ पुरेसे ओळखले गेले नव्हते, कारण फलंदाजीच्या सरासरीत त्याची नोंदच होत नाही. ऑकलंड अॅथलेटिक्स संघाचे व्यवस्थापक बिली बीन यांनी २००२ मध्ये तुलनेने तुटपुंज्या खर्चात उभ्या केलेल्या संघाने १०३ सामने जिंकले; त्यांतील २० सलग. बेस गाठण्याची क्षमता, म्हणजेच चेंडू सोडण्याची क्षमता, बाजारात स्वस्त मिळते, हे त्यांच्या चमूने हेरले होते. यातील विरोधाभास उद्बोधक आहे. बीन हेही सॅन दिएगोचेच. तेथील माउंट कार्मेल हायस्कूलमध्ये त्यांचे खेळगुण पाहून निरीक्षक थक्क होत. १९८० मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने त्यांना पहिल्याच फेरीत निवडले. पण वरिष्ठ पातळीवरील १४८ सामन्यांत त्यांची सरासरी .२१९ राहिली. ते ८० वेळा तीन स्ट्राइक होऊन बाद झाले आणि त्यांना वॉक मिळाले अवघे ११. जो गुण खेळाडू म्हणून आपल्यापाशी नव्हता, त्याचेच मोल त्यांनी व्यवस्थापक म्हणून जाणले.

येथवरचे ऐकून निकाल संयमाच्या बाजूने लागला असे वाटेल. परंतु दुसऱ्या बाजूचे म्हणणे तितकेच वजनदार आहे.

योगी बेरा हे न्यूयॉर्क यांकीज संघाचे कॅचर आणि तीन वेळा आपल्या लीगचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेले फलंदाज. डोळ्यांच्या पातळीचा असो की घोट्यापाशी पडणारा, दिसला चेंडू की मारायचा, अशी त्यांची ख्याती. या पद्धतीने खेळणारा वारंवार बाद होईल असे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात १९५० च्या हंगामात सुमारे ६०० संधींत ते तीन स्ट्राइक होऊन केवळ १२ वेळा बाद झाले. डॉमिनिकन प्रजासत्ताकातून आलेले व्लादिमिर गरेरो याच पंथाचे. टप्पा पडून आलेल्या चेंडूवरही त्यांनी यशस्वी फटका मारलेला आहे. कारकिर्दीत .३१८ ची सरासरी आणि ४४९ होम रन करून ते २०१८ मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात दाखल झाले. त्यांच्या देशातील गरीब घरांतल्या मुलांची आक्रमकता समजण्यासारखी आहे. दुरून आलेल्या निरीक्षकाच्या वहीत फटक्याची नोंद होते. शहाणपणाने सोडलेल्या चेंडूची नोंद क्वचित होते.

अर्थात बेरा आणि गरेरो यांच्यासारखी हाताची आणि डोळ्यांची जोडी लाखात एखाद्याला लाभते. सामान्य शाळकरी फलंदाजानेही आक्रमक का असावे, याची कारणे वेगळी आहेत. हायस्कूलचा सामना सात डावांचा असतो. नऊ जणांच्या क्रमात एका मुलाला बहुधा तीनदा, फार तर चारदा संधी मिळते. अचूकतेची खात्री नसलेला पिचर पहिला चेंडू बहुधा सरळ, वेगवान आणि मध्यभागी टाकतो. कसेही करून एक स्ट्राइक पदरात पाडून घ्यावी, हा त्याचा हेतू असतो. पुष्कळदा संपूर्ण खेळीतील सर्वांत मारण्याजोगा चेंडू हाच असतो. तो ‘पाहू या’ म्हणून सोडणाऱ्या मुलाला पुढे वळणारे, फसवे आणि कोपऱ्यातले चेंडूच वाट्याला येतात. एक स्ट्राइक माथ्यावर घेऊन खेळणारा फलंदाज आणि एक बॉल खात्यावर असलेला फलंदाज यांच्या यशात मोठा फरक पडतो. आणि पहिल्याच चेंडूवर मारलेल्या फटक्यांचे यश व्यावसायिक बेसबॉलमध्येही सर्वसाधारण सरासरीहून बरेच अधिक असते. त्यात पंचांची गोष्ट निराळीच. शालेय सामन्यातील पंचाची चौकट पुस्तकातल्या चौकटीहून बरेचदा रुंद असते. नियमाप्रमाणे बॉल असलेला चेंडू त्या दिवशी त्या पंचाकडून स्ट्राइक ठरत असेल, तर वॉकची वाट पाहणारा मुलगा बॅट खांद्यावर ठेवूनच परत येतो.

यापेक्षाही महत्त्वाचे एक कारण आहे. ज्याला संयम म्हटले जाते, ते अनेकदा भय असते. बॅट फिरवून हुकण्याची लाज टाळायची, चार बॉल मिळाले तर बरेच, नाही मिळाले तर ‘पंचाने चूक केली’ म्हणायचे, अशी ती सुरक्षित जागा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला विल्यम्सचे सोडणे आणि या मुलाचे सोडणे सारखेच दिसते. आतून त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. विल्यम्स चेंडू सोडत असे तो त्याहून चांगल्या चेंडूवर तुटून पडण्यासाठी. हा मुलगा सोडतो तो काहीच करावे लागू नये म्हणून.

आक्रमकतेचेही असेच सोंग असते. काही मुले पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवतात ती आत्मविश्वासाने नव्हे. अंगावर आलेला क्षण लवकर संपावा, लोकांच्या नजरा दूर व्हाव्यात, ही त्यामागची घाई असते. मूळ भय एकच. एका मुलात ते थांबण्याचे रूप घेते, दुसऱ्यात सुटण्याचे.

तेव्हा संयम की आक्रमकता, हा प्रश्नच थोडा फिरवून मांडला पाहिजे. फलंदाजाने आधी काही ठरवले होते काय, आणि ठरवल्याप्रमाणे तो वागला काय, हे विचारायला हवे. जाणते प्रशिक्षक याचे सूत्र साध्या शब्दांत सांगतात : प्रत्येक चेंडूवर आरंभ ‘हो’ने करावा आणि चेंडू नको तसा आला तरच ‘नाही’ म्हणावे. पाऊल उचलणे, वजन मागे घेणे, हात सज्ज करणे या क्रिया चेंडू हातातून सुटण्याच्या सुमारासच सुरू व्हाव्या लागतात. ज्याने ‘मारायचे’ असे ठरवून हालचाल सुरू केली आहे, तो अखेरच्या क्षणी थांबू शकतो. ज्याने ‘बघू’ म्हणून आरंभ केला, त्याला चांगला चेंडू ओळखू आला तरी हात पुढे नेण्यास उशीर झालेला असतो. म्हणून आक्रमकता आधी आणि संयम तिच्या पोटात, असा हा क्रम आहे. खरा संयम म्हणजे सज्ज झालेल्या हाताने घेतलेली माघार.

या सूत्राला शिस्तीची जोड हवी. खेळीच्या आरंभी, स्ट्राइक नसताना, मुलाने आपल्या आवडीची एक लहानशी जागा मनात आखावी, विल्यम्सच्या चित्रातील.४०० च्या आसपासची. चेंडू तेथे आला तर पहिला असो की दुसरा, जीव ओतून मारावा. तेथे आला नाही तर तो स्ट्राइक असला तरी सोडावा. एक स्ट्राइक झाली की जागा थोडी मोठी करावी. दोन स्ट्राइक झाल्या की चोखंदळपणा संपला. तेव्हा स्वतः विल्यम्सही बॅट किंचित वरून धरावी, फटका आखूड करावा, असे सांगत असे. तीन बॉल आणि एक स्ट्राइक अशी स्थिती असेल, तर वॉकची आशा धरण्यापेक्षा त्या लहान जागेतील चेंडूची सर्वांत जोमदार वाट पाहावी, कारण आता कोंडीत पिचर सापडलेला असतो. अशा रीतीने एकाच खेळीत तोच मुलगा चोखंदळही असतो आणि लढवय्याही. गणतीनुसार त्याचा कल बदलतो, स्वभाव बदलावा लागत नाही.

ही जाण उपदेशाने येत नाही, सरावाने येते. आणि सुदैवाने तिचा सराव स्वस्त आहे. आपल्याच संघाचा पिचर सराव करीत असताना शिरस्त्राण घालून प्लेटपाशी उभे राहावे, बॅट फिरवू नये, आणि प्रत्येक चेंडू कॅचरच्या हातात पोहोचण्याआधी मोठ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे. काही आठवड्यांत डोळा तयार होऊ लागतो. फटक्यांच्या सरावातही प्रत्येक चेंडू मारू देऊ नये. मुलाने आधी सांगितलेल्या जागेतलाच मारावा, बाकीचे सोडावेत. सरावात जो शंभरपैकी शंभर चेंडू मारतो, त्याने सामन्यात निवड करावी अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. पहिल्या डावात संघातील सहकाऱ्यांनी पंचाची चौकट न्याहाळून एकमेकांना सांगावी. तक्रारीसाठी नव्हे, त्या दिवसापुरता तोच नियम आहे म्हणून.

मराठी श्रोत्यांना परिचित असा एक दाखला येथे देण्याजोगा आहे. जानेवारी २००४ मध्ये सिडनी कसोटीत सचिन तेंडुलकर यांनी ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या. त्या दौऱ्यात ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर फटका खेळताना ते बाद होत होते. सिडनीला त्यांनी आपला लाडका कव्हर ड्राइव्ह जवळजवळ बाजूला ठेवला. त्यांची बॅट म्हातारी झाली नव्हती. त्याच खेळीत त्यांनी ३३ चौकार मारले, त्यांतले बरेचसे लेगच्या बाजूला. एक जागा सोडायची आणि दुसरीवर तुटून पडायचे, हे त्यांनी मैदानात उतरण्यापूर्वीच ठरवले होते. क्रिकेट आणि बेसबॉल यांचे नियम वेगळे असले, तरी हा निग्रह एकाच कुळातला आहे.

आता शेवटचा आणि पालकांशी थेट संबंध असलेला भाग. मैदानावरील मुलाचा निर्णय अर्ध्या सेकंदाचा असतो, पण त्या निर्णयाची जडणघडण घरी, मोटारीत, जेवणाच्या ताटावर होत असते. तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचे दोन प्रकार आहेत : बॅट फिरवून हुकणे आणि न फिरवता पाहत राहणे. बाकांवरची मंडळी दुसऱ्या प्रकारावर अधिक चिडतात. घरी परतताना बाप विचारतो, ‘बॅट शोभेला नेली होतीस का?’ पुढच्या सामन्यात तो मुलगा डोक्यावरून जाणारा चेंडूही मारायला जातो. मग तोच बाप म्हणतो, ‘एवढा अधीरपणा बरा नव्हे.’ दोन्ही वाक्ये सुटी घेतली तर अनुभवाची आहेत. एकत्र मिळून मात्र ती मुलाला एकच गोष्ट शिकवतात : निर्णय बरोबर की चूक हे निकाल लागल्यावर दुसरे कोणी तरी ठरवते. हे मनात एकदा बसले की मुलगा पिचरकडे पाहणे सोडून बाकांकडे पाहू लागतो. प्लेटवर तो शरीराने उभा असतो. चेंडूला सामोरा जाणारा कोणी तेथे उरलेला नसतो. पुष्कळ गुणी मुले खेळ सोडतात ती हातात कसब नसते म्हणून नव्हे. हा दुहेरी ताण त्यांना सोसवत नाही.

यावर उपाय अवघड नाही, पण तो पाळणे अवघड आहे. चेंडू चालू असताना बाहेरून सूचना देऊ नयेत. अर्ध्या सेकंदात दोन स्वामींची सेवा होत नाही. सामना संपल्यावर ‘किती फटके लागले?’ याआधी ‘काय ठरवून गेला होतास?’ असे विचारावे. त्याने ठरवलेल्या जागेतील चेंडू जोराने मारला आणि तो नेमका क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला, तर ती खेळी चांगली होती, हे त्याला स्पष्ट सांगावे. खराब चेंडूवर बॅट फिरवून योगायोगाने फटका लागला, तर आनंद जरूर मानावा. पण त्याला पद्धत समजू नये. आणि दोन स्ट्राइकवर कोपऱ्यातला चेंडू सोडून मुलगा बाद झाला, तर त्याच्या पुढच्या खेळीपूर्वी त्या चेंडूचा विषय काढू नये. सर्वोत्तम फलंदाजही दहापैकी सहा-सात वेळा अपयशी ठरतो असा हा खेळ आहे. त्यात निकालावरून मुलाची किंमत ठरवणारे घर त्याला बहुतेक दिवस नापासच करीत राहील.

टेड विल्यम्सच्या १९४१ च्या हंगामाचा अखेरचा दिवस येथे सांगायलाच हवा. २८ सप्टेंबरला फिलाडेल्फियात एकाच दिवशी दोन सामने व्हायचे होते. त्या सकाळी विल्यम्सची सरासरी .३९९५५ होती, प्रचलित रीतीने ती.४०० अशीच लिहिली गेली असती. बाहेर बसण्याची मुभा संघनायक-प्रशिक्षक जो क्रोनिन यांनी त्याला दिली होती. २३ वर्षांच्या त्या तरुणाने दोन्ही सामने खेळायचे ठरवले आणि आठ संधींत सहा यशस्वी फटके मारून सरासरी .४०६ वर नेली. जो माणूस आयुष्यभर वाईट चेंडूपासून दूर राहिला, तो आव्हानापासून दूर राहिला नाही. आणखी काही संधी फसल्या असत्या, तर हाती काय राहिले असते कोण जाणे. परंतु निर्णय तरीही तितकाच मोलाचा ठरला असता. संयमी माणूस कचरणारा नसतो, याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल.

साठ वर्षे मराठी मुलांना घडवणाऱ्या या शाळेला यातले काही नवे वाटणार नाही. गणिताच्या तासाला उत्तरापेक्षा रीतीला गुण देणारे शिक्षक येथे होऊन गेले. उत्तर चुकले तरी पायऱ्या बरोबर असतील तर वहीवर त्यांची शाबासकी उमटत असे. त्या शाबासकीतच या व्याख्यानाचे सार सामावलेले आहे. परदेशातील मैदानावर नातू बॅट घेऊन उभा असेल, किंवा येथेच एखादी मुलगी परीक्षेच्या, नोकरीच्या, आयुष्याच्या प्लेटपाशी उभी असेल. कोणता चेंडू मारायचा हे तिला तिचे ठरवू द्यावे, ते ठरवण्याची सवय मात्र आधीपासून लावावी, आणि चेंडू येत असताना बाकांवर शांत बसावे. बाकांवर बसणाऱ्यांच्या संयमाची परीक्षा हीच आहे.